खंडित वीजपुरवठा आणि घरगुती उपकरणांचे रक्षण

उन्हाळ्याच्या अखेरीस हैदराबादेत वळवाचा पाऊस येतो तो बहुधा सायंकाळी आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह. झाडाची एखादी फांदी तारांवर कोसळते आणि आबिड्सच्या गजबजलेल्या रस्त्यावरील दुकाने क्षणार्धात अंधारात बुडतात. दुकानदार जनित्रे सुरू करतात, वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडांत इन्व्हर्टरच्या आधारे दिवे लागतात आणि थांबलेला व्यवहार पुन्हा चालू होतो. तासाभराने वीज परत येते. त्यानंतर मात्र एखाद्या घरातील दूरचित्रवाणी संच उघडत नाही, तर एखाद्या घरातील फ्रिज नुसताच गुरगुरतो. ‘वीज गेली आणि संच जळाला’, असे घरातील मंडळी म्हणतात.

हे विधान अर्धेच खरे असते. वीज गेल्यामुळे उपकरण क्वचितच जळते. बहुधा ते वीज जाण्यापूर्वीच्या चढउतारात किंवा ती परत येण्याच्या क्षणी जळते. ज्या कुटुंबाला हा भेद ठाऊक नसतो ते मोठी बॅटरी विकत घेते व निर्धास्त होते. उपकरणे मात्र असुरक्षितच राहतात. म्हणूनच, बॅटरी काय करू शकते, काय करू शकत नाही आणि घरात आल्यावर ती स्वतःच कोणत्या प्रकारे धोक्याची ठरू शकते, हे प्रत्येक गृहस्थाने समजून घेणे अगत्याचे आहे.

आबिड्स आणि वीज

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून या विभागास आबिड्स हे नाव पडले. मराठी माणसाला हा परिसर परका नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. शिक्षण, नोकरी व व्यापार यांच्या निमित्ताने तेथील अनेक कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही त्यांची शिक्षणसंस्था आबिड्सपासून जवळच जांबाग भागात आहे.

हुसेनसागराच्या काठी १९२० साली औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले व १९८३ पर्यंत ते कार्यरत होते. शहर वाढले, तशी विजेची मागणीही वाढत गेली. २०१२ च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेशात विजेचा तीव्र तुटवडा निर्माण झाला व राजधानीतही घोषित भारनियमन करावे लागले. आबिड्सला लागून असलेल्या ट्रूप बाजारातील विद्युत् साहित्याच्या दुकानांतून इन्व्हर्टर व बॅटऱ्या घरोघर गेल्या त्या अशाच टंचाईच्या काळांत. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. तेलंगण राज्याच्या निर्मितीनंतर शहरातील घोषित भारनियमनही मागे पडले.

तथापि घोषित भारनियमन थांबले म्हणजे पुरवठा खंडित होणे थांबले, असे नव्हे. वादळवारा, रस्त्याच्या खोदकामात तुटणारी केबल, उन्हाळ्यात अतिभारित होणारी रोहित्रे आणि दुरुस्तीची कामे ही कारणे कायम आहेत. फरक इतकाच, की पूर्वी वीज ठरल्या वेळी व दीर्घ काळ जात असे. आता ती अवचित आणि बहुधा थोडा वेळ जाते. साहजिकच संरक्षणाची गरजही बदलली आहे. पूर्वी प्रश्न अंधाराचा होता. आज तो मुख्यतः जाण्या-येण्याच्या क्षणाचा आहे.

बिघाड कसा होतो

घरगुती पुरवठ्याचा घोषित दाब २३० व्होल्ट आणि कंप्रता सेकंदाला ५० आवर्तने इतकी असते. दाबात सुमारे सहा टक्के चढउतार नियमाने ग्राह्य धरला जातो. म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट या मर्यादेत उपकरणे सुरळीत चालतात. ही मर्यादा मुख्यतः चार प्रकारे ओलांडली जाते.

पहिला प्रकार कमी दाबाचा. दाब उतरला की फ्रिजमधील वा पंपातील मोटर अधिक प्रवाह खेचते, तापते आणि अखेर तिची गुंडाळी जळते. दुसरा प्रकार क्षणिक उसळीचा. जवळपास आकाशातील वीज कोसळली किंवा मोठा भार एकाएकी बंद झाला, की तारांतून अत्यल्प काळ टिकणारी परंतु प्रचंड दाबाची लाट येते. संगणक, दूरचित्रवाणी संच व मोबाइलचे चार्जर यांतील नाजूक भाग तिच्यापुढे टिकत नाहीत.

तिसरा प्रकार परतीच्या क्षणाचा. वीज येते तेव्हा वस्तीतील सारे पंखे, पंप, फ्रिज व वातानुकूलन यंत्रे एकदम चालू होतात. रोहित्रावर ताण येतो, दाब डळमळतो आणि कित्येकदा पुरवठा दोन-तीन वेळा ये-जा करतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर नुकताच बंद पडलेला असतो व त्याच्या दोन बाजूंच्या वायुदाबांत मोठी तफावत असते. अशा स्थितीत तो लगेच सुरू होऊ पाहिला की अडकतो व तापतो. त्याला तीन ते पाच मिनिटांची विश्रांती आवश्यक असते.

चौथा प्रकार सर्वांत विघातक होय. तो म्हणजे न्यूट्रल तार तुटणे किंवा सैल होणे. एकाच इमारतीत तीन फेजांवर अनेक दुकाने व बिऱ्हाडे असली, की ही तार सर्वांचा समतोल राखते. ती तुटताच ज्या फेजवर भार कमी, त्या फेजवरील घरांत दाब ३०० व्होल्टच्याही पुढे, क्वचित ४०० व्होल्टपर्यंत चढतो. एकाच जिन्यावरील चार घरांतील संच एकाच वेळी जळाले, तर बहुधा हेच कारण असते. दिवे एकाएकी प्रखर होणे व शेजारच्या घरी त्याच वेळी ते मंद होणे ही याची खूण आहे. ती दिसताच मुख्य स्विच तात्काळ बंद करावा व वीज कार्यालयास कळवावे.

तीन साधने, तीन कामे

बाजारात स्टॅबिलायझर, यूपीएस आणि इन्व्हर्टर ही तीन साधने मिळतात. ग्राहक पुष्कळदा त्यांना एकच समजतो. वास्तविक त्यांची कामे भिन्न आहेत.

स्टॅबिलायझर दाब सावरतो. वीज गेल्यावर तो काहीही देत नाही. फ्रिज व वातानुकूलन यंत्र यांना हाच उपयुक्त. खरेदी करताना, वीज परतल्यावर काही मिनिटे थांबून पुरवठा जोडण्याची व दाब फार चढल्यास तो तोडण्याची सोय त्यात आहे किंवा नाही, हे पाहावे.

यूपीएस म्हणजे अखंड वीजपुरवठा यंत्र. संगणकाला विजेचा खंड सहन होत नाही. विजेचे एक आवर्तन सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पूर्ण होते आणि संगणकाचा अंतर्गत साठा साधारणतः तेवढाच काळ टिकतो. यूपीएस त्याहूनही कमी वेळात बॅटरीकडे वळतो. मात्र त्याची बॅटरी लहान असते. काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी दहा-पंधरा मिनिटांचा अवधी देणे, एवढेच त्याचे प्रयोजन. इंटरनेटच्या राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस तर कमी खर्चात मोठे काम करतो. परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या किंवा घरून नोकरी करणाऱ्या व्यक्तीची अर्धी अडचण त्याने दूर होते.

इन्व्हर्टर हा दिवे व पंखे तासन्‌तास चालविण्यासाठी असतो. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे तो प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. स्वस्त इन्व्हर्टरचा तरंग चौकोनी असतो. त्यावर पंखे गुणगुणतात, मोटरी तापतात व काही उपकरणे नीट चालत नाहीत. साइन तरंगाचा इन्व्हर्टर महाग असला तरी अंती तोच हितावह ठरतो. तसेच हेही ध्यानी ठेवावे, की वीज चालू असताना इन्व्हर्टर बहुधा बाहेरचाच पुरवठा जसाच्या तसा पुढे पाठवितो. म्हणजे उसळीपासून तो आपोआप रक्षण करीलच असे नाही. त्यासाठी मुख्य फलकावर उसळीरोधक व अतिदाबरोधक बसवावा. उसळीरोधकाचा उपयोग घराचे अर्थिंग चांगले असेल तरच होतो, कारण जादा ऊर्जेला जमिनीत जाण्याची वाट तेथूनच मिळते.

खरेदीपूर्वीचा हिशोब

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांटे यांनी १८५९ साली शिशाचा पुनर्भरणक्षम विद्युतघट तयार केला. आजची इन्व्हर्टरची बॅटरी त्याच तत्त्वावर चालते. शिसे व शिशाचे डायऑक्साइड यांच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. प्रत्येक घट सुमारे दोन व्होल्टचा. असे सहा घट मिळून १२ व्होल्टची बॅटरी होते. बॅटरी म्हणजे पाण्याच्या टाकीसारखा साठा होय. टाकी केवढी आहे आणि नळ किती सोडला आहे, यावरच ती किती वेळ पुरेल हे ठरते.

समजा, आबिड्समधील एका सदनिकेत वीज गेल्यावर २० वॉटच्या दोन एलईडी नळ्या, ७५ वॉटचे दोन पंखे, ८० वॉटचा एक दूरचित्रवाणी संच व १० वॉटचा राउटर चालवावयाचा आहे. एकूण भार २८० वॉट झाला. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतील साठा १२ गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॉट-तास होय. रूपांतरात सुमारे पाचवा हिस्सा खर्ची पडतो, १,४४० उरतात. बॅटरी तळापर्यंत रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते; म्हणून यातील तीन-चतुर्थांश, म्हणजे १,०८० वॉट-तासच वापरावयाचे असे धरावे. यास २८० ने भागल्यास पावणेचार तास येतात.

हा हिशोब कागदावरचा झाला. १५० अँपिअर-तास ही क्षमता बहुधा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळते. भार जास्त असेल तर त्याच बॅटरीतून कमी ऊर्जा निघते. म्हणून प्रत्यक्षात तीन तास गृहीत धरणे शहाणपणाचे ठरेल.

येथे एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. तेच दोन पंखे ३० वॉटचे, बीएलडीसी पद्धतीचे बसविले तर भार १९० वॉटवर येतो आणि कागदावरचा काळ पावणेचार तासांवरून साडेपाच तासांच्या पुढे जातो. बॅटरी मोठी घेण्यापूर्वी भार लहान करावा, हा काटकसरीचा मार्ग होय; त्याचा लाभ वीज असतानाही दर महिन्याच्या देयकात दिसतो.

इस्त्री, गीझर, मिक्सर, वातानुकूलन यंत्र व पाण्याचा पंप इन्व्हर्टरवर जोडू नयेत. फ्रिजही जोडण्याची सहसा आवश्यकता नसते. दार उघडले नाही तर फ्रिज सुमारे चार तास थंडावा टिकवून धरतो. घरात इन्सुलिनसारखे औषध असल्यास वीज गेल्यावर दार उघडू न देणे, हीच पहिली दक्षता होय.

रुग्ण असलेल्या घरी

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनेक कुटुंबांनी प्राणवायू संकेंद्रक यंत्रे घरी आणली. फुप्फुसाच्या जुनाट विकारांच्या रुग्णांना ती आजही लागतात. मिनिटाला पाच लिटर प्राणवायू देणारे यंत्र सुमारे ३५० वॉट वीज घेते. वरील बॅटरीवर केवळ हे एकच यंत्र चालविले तरी कागदी हिशोबाने तीनच तास मिळतात; बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी. त्याच बॅटरीवर पंखा व दूरचित्रवाणी चालू राहिली, तर रुग्णाचा श्वास घरच्यांच्या करमणुकीत वाटला जातो.

अशा घरी संकेंद्रकासाठी स्वतंत्र साइन तरंगाचा इन्व्हर्टर असावा व दरमहा एकदा, घरात माणसे असताना, मुख्य पुरवठा बंद करून तो किती वेळ चालतो याची नोंद ठेवावी. ही चाचणी घेताना रुग्णास सिलिंडरवर ठेवावे. भरलेला प्राणवायू सिलिंडर, त्याचा नियामक व नळी नेहमी हाताशी असावी. बॅटरी हा सिलिंडर जोडेपर्यंतचा अवधी आहे. तो शेवटचा आधार मानू नये.

बॅटरीची जागा व निगा

बॅटरी भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेल्यास एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात, देवघरातील समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये. सज्जासारखी हवेशीर, सावलीची व लहान मुलांच्या हाती न लागणारी जागा योग्य.

जुन्या बाजारपेठांतील अनेक इमारतींत खाली दुकाने व वर बिऱ्हाडे असतात आणि जिना एकच असतो. जागेच्या टंचाईमुळे इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. आग लागल्यास जिना हीच वरच्या माणसांची सुटकेची वाट असते. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबाद येथे एका इमारतीत खालच्या बाजूस असलेल्या विद्युत् दुचाकींच्या विक्रीकेंद्रात आग लागली. धूर जिन्यावाटे वर पसरला आणि वरच्या हॉटेलातील आठ जणांना प्राण गमवावे लागले. घरातील एक बॅटरी आणि वाहनांचे दालन यांची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु खाली लागलेली आग वरच्यांची वाट रोखते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात, जागा कमी व्यापतात आणि त्यांत पाणी घालावे लागत नाही. त्या घ्यावयाच्या असल्यास लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या, अंगभूत नियंत्रण व्यवस्था असलेल्या व मानक चिन्ह असलेल्या घ्याव्यात. शिशाच्या बॅटरीसाठी बनविलेल्या जुन्या इन्व्हर्टरवर त्या परस्पर जोडू नयेत. वाहनातून काढलेले घट जुळवून केलेल्या स्वस्त बॅटऱ्या घरात आणू नयेत.

शिशाच्या बॅटरीतील पाण्याची पातळी दोन महिन्यांतून एकदा पाहावी. उन्हाळ्यात दरमहा पाहावी. पातळी उतरल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. नळाच्या वा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांची हानी करतात. अम्ल कधीही घालू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. अम्ल अंगावर उडाल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. जोडणीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमल्यास इन्व्हर्टर बंद करून ती पुसावी व पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी रिकामी अवस्थेत पडून राहिली तर पट्ट्यांवर कठीण थर बसतो व क्षमता कायमची घटते. म्हणून गावी जाताना बॅटरी पूर्ण भारित करून ठेवावी. उष्णता हाही तिचा शत्रू आहे. सर्वसाधारण ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढल्यास आयुष्य निम्म्यावर येते.

तारेवरील कामगाराचे प्राण

जनित्र वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विसरता कामा नये. भिंतीतील प्लगमध्ये दुतोंडी तार खोचून घराला वीज देण्याची पद्धत अत्यंत घातक आहे. ही वीज मीटरमधून उलटी रस्त्यावरील तारांत जाते आणि रोहित्रातून तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकतो. पुरवठा बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराचा त्यात बळी जातो. जनित्राची जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडून, चेंजओव्हर स्विच बसवूनच करून घ्यावी. इन्व्हर्टरसाठीही स्वतंत्र तारजोडणी असावी.

जुनी बॅटरी कोठे द्यावी

निकामी बॅटरीतही शिसे व अम्ल शिल्लक असतेच. भंगारवाला ती फोडून शिसे भट्टीत वितळवितो तेव्हा शिशाची धूळ आसपासच्या वस्तीत पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा कायमचा दुष्परिणाम होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनश्चक्रीकरण करण्याचे दायित्व उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी, तिचे मूल्य वजा करून घ्यावे व तशी नोंद पावतीवर मागावी. चार पैसे अधिक मिळतात म्हणून ती रस्त्यावर विकणे म्हणजे आपल्या घरचा उजेड दुसऱ्याच्या मुलाच्या आरोग्यावर विकत घेणे होय.

पाच मिनिटांची शिस्त

सर्वांत स्वस्त संरक्षणास मात्र बॅटरीही लागत नाही. वीज जाताच फ्रिज, दूरचित्रवाणी, संगणक व वातानुकूलन यंत्र यांचे स्विच बंद करावेत. बाहेरच्या पुरवठ्यावरील एक दिवा तेवढा चालू ठेवावा. तो लागून पाच मिनिटे एकसारखा तेवत राहिला, की एकेक उपकरण क्रमाक्रमाने सुरू करावे. सारी वस्ती असे करील तर रोहित्रावरचा एकाएकी येणारा ताणही कमी होईल आणि परत आलेली वीज पुन्हा जाण्याचे प्रसंग घटतील. ही सवय घरातील मुलांनाही लावावी.

इन्व्हर्टर व बॅटरी ही आपत्कालीन साधने आहेत. भार मोजून ती घेतली, हवेशीर जागी ठेवली आणि वेळच्या वेळी तपासली तर ती वर्षानुवर्षे सेवा देतात. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतली व जिन्याखाली ढकलून दिली, तर खर्च होतो आणि संकट मात्र घरात येऊन बसते.